मोझिलाचं आयआरसीवरून मॅट्रिक्सवर स्थलांतर

एप्रिल २०१९मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने जाहीर केलं की आपला आयआरसी (इंटरनेट रिले चॅट, म्हणजे मजकुरातून गप्पा मारण्याची जुनी व्यवस्था) सर्व्हर आपण कायमचा बंद करणार आहोत. फायरफॉक्स घडवणाऱ्या माणसांचं दोन दशकांचं रोजचं बोलणं या सर्व्हरवर झालं होतं. कोणत्या बगवर (सॉफ्टवेअरमधल्या दोषावर) कोण काम करतंय, कुणाचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) कुणी तपासायचा, रात्रीचं बिल्ड (कोडमधून रोज तयार होणारं सॉफ्टवेअर) का फुटलं, हे सगळं तिथल्या चॅनेलांमध्ये ठरायचं. घोषणा करणाऱ्या मोझिलाच्या माइक हॉय यांनी त्याच वेळी हेही स्पष्ट केलं की पुढे कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. आधी अटी ठरतील, मग साधन निवडलं जाईल.

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्या, समुदायांमध्ये गप्पांचं साधन बदलण्याची चर्चा बहुधा उलट्या बाजूने सुरू होते. कुणाला स्लॅक आवडतं, कुणाला डिस्कॉर्ड, कुणाला आयआरसीशिवाय दुसरं काही नको असतं, आणि वाद नावांवरच अडून बसतो. मोझिलाच्या प्रकरणात तसं झालं नाही, म्हणूनच ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. तिथे पहिला प्रश्न असा होता: आजच्या व्यवस्थेमुळे कोण बाहेर राहतंय?

आयआरसीत नेमकं काय नडत होतं

आयआरसी १९८८मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलं. त्याची रचना साधी आहे आणि तेच त्याचं बळ. सर्व्हरकडे ओळ आली की त्या क्षणी चॅनेलमध्ये जोडलेल्या सगळ्यांना ती जाते आणि सर्व्हर ती विसरून जातो. जुन्या संगणकावर, काळ्या टर्मिनलमध्ये, अगदी मंद जोडणीवरही ते चालतं. तीस वर्षांहून अधिक टिकलेल्या या प्रोटोकॉलबद्दल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांबद्दल) मला मनापासून आदर आहे.

पण ‘विसरून जातो’ याचा फटका कुणाला बसतो? पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने सकाळी दहाला प्रश्न टाकला, तर कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. तिथला अभियंता त्याच्या सकाळी दहाला उत्तर देतो, तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा झालेले असतात आणि विद्यार्थ्याचा लॅपटॉप बंद असतो. उत्तर दिलं गेलं, पण पोचलं नाही. विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याला कुणी विचारत नाही. अभियंत्याला वाटतं, प्रश्न टाकून पोरगा पळाला. दोघांचीही चूक नाही. जुन्या जाणत्यांनी यावर तोडगा काढला होता: चोवीस तास चालू राहणाऱ्या सर्व्हरवर बाउन्सर नावाचा प्रोग्रॅम बसवायचा, तो तुमच्या वतीने चॅनेलमध्ये बसून राहतो आणि तुम्ही आलात की मधलं सगळं वाचायला देतो. तोडगा उत्तम आहे, पण त्याला स्वतःचा सर्व्हर लागतो, दर महिन्याचं भाडं लागतं आणि तो बसवण्याइतकं ज्ञान लागतं. जो शिकायला आलाय त्याच्याकडे यातलं काहीच नसतं. म्हणजे ज्याला इतिहासाची सर्वात जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही.

दुसरी अडचण भाषेची. आयआरसीच्या एका संदेशाला ५१२ बाइटची मर्यादा आहे आणि त्यात पत्ता, आज्ञा, ओळीचा शेवट हे सगळं धरलेलं असतं. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं असतात. ‘विद्यार्थ्यांसाठी’ या एका शब्दात १७ चिन्हं आहेत, म्हणजे ५१ बाइट. असे नऊ-दहा शब्द झाले की ओळ संपली. त्यापुढचं क्लायंटने (वापरणाऱ्याकडच्या ॲपने) तोडलं तर कधी शब्दाच्या मधोमध तुटायचं, कधी अक्षराच्याच मधोमध, आणि समोरच्याला प्रश्नचिन्हांची रांग दिसायची. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि मात्रा विस्कटायच्या त्या वेगळ्याच. फायरफॉक्स मराठीत उपलब्ध आहे, त्याच्या शब्दांवर स्वयंसेवक काम करतात. त्या शब्दांची चर्चा ज्या भाषेत व्हायला हवी, ती भाषाच या साधनात अवघडून बसायची.

तरीही आयआरसी बंद करण्यामागे सर्वात मोठं कारण होतं ते त्रास देणाऱ्यांचं. मूळ प्रोटोकॉलमध्ये ओळख ही कल्पनाच कच्ची आहे. टोपणनाव घ्यायचं आणि आत यायचं. टोपणनावाची नोंदणी नंतर वेगळ्या सेवांनी जोडलेली. कुणी शिवीगाळ केली तर मॉडरेटरने बंदी घालायची ती नावावर किंवा नेटवर्कच्या पत्त्यावर. नाव क्षणात बदलता येतं. पत्त्यावर बंदी घातली तर निरपराध माणसं अडकतात. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे एका उपद्रवी माणसाला रोखताना त्या पत्त्यामागचे सगळेच बाहेर फेकले जाऊ शकतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये फ्रीनोड या मोठ्या आयआरसी नेटवर्कवर स्पॅमचा पूर आला होता. तेव्हा अनेक चॅनेलांनी नोंदणी नसलेल्यांना दार बंद केलं आणि पहिल्यांदाच आलेला नवखा माणूस बाहेर उभा राहिला. हल्लेखोरासाठी लावलेली कडी नवख्यालाच लागली.

अटी

मोझिलाने ठरवलेल्या अटी थोड्या होत्या आणि कडक होत्या. स्वतःचं साधन लिहायचं नाही. तयार, चालतं, पुढे टिकेल असं काहीतरी घ्यायचं. आडबाजूची चीज निवडायची नाही, म्हणजे एका विचित्र व्यवस्थेतून दुसऱ्या विचित्र व्यवस्थेत जायचं नाही. मोझिलाच्या साऱ्या समुदायाला ते वापरता आलं पाहिजे. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं अंध व्यक्तींना वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालणं हा त्याचाच भाग. आत येण्यासाठी लॉगिन लागेल. आणि समुदायाचे वागणुकीचे नियम तिथे लागू होतील, नुसते भिंतीवर टांगलेले राहणार नाहीत. शिवाय, आपण प्रोटोकॉल तपासत नाही, उत्पादनं तपासतो, असंही त्यांनी बजावलं.

शेवटच्या वाक्यावर तेव्हा बरीच माणसं नाराज झाली. प्रोटोकॉल मोकळा असला की बाकी सगळं जमतं, ही आपल्या क्षेत्रातली जुनी श्रद्धा. मला मोझिलाचं म्हणणं पटतं. अंध प्रोग्रॅमरला प्रोटोकॉल दिसत नाही. त्याला मिळतं ते बटण, आणि त्या बटणाला नाव दिलेलं असतं किंवा नसतं. प्रोटोकॉल कितीही सुंदर असला तरी त्यावरचं रोजचं ॲप बोलून दाखवत नसेल तर तो माणूस बाहेरच.

लॉगिनच्या अटीवरचा विरोध मात्र मी हलक्यात घेणार नाही. आयआरसीवर कुणीही निनावी येऊन विचारू शकत होतं, आणि काही माणसांसाठी निनावी राहणं ही सुरक्षितता असते. मोझिलाने टोपणनाव चालेल अशी वाट ठेवली: खातं हवं, पण खरं नाव समोर यायची सक्ती नाही. गिटहब, गूगल, फायरफॉक्सचं खातं किंवा साधा ईमेल, यांपैकी कशानेही मोझिलाच्या समाईक लॉगिनमधून आत येता यायचं. निनावीपणा आणि बेजबाबदारपणा या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता.

निवड

सप्टेंबर २०१९मध्ये चार उमेदवार जाहीर झाले: मॅटरमोस्ट, रॉकेटचॅट, स्लॅक आणि मॅट्रिक्स या मोकळ्या प्रोटोकॉलवर चालणारं रायट हे ॲप. समुदायाने ती वापरून पाहावीत म्हणून प्रत्येक साधन उघडं ठेवलं गेलं. १९ डिसेंबर २०१९ रोजी निकाल आला: मॅट्रिक्स आणि रायट.

निकाल सोपा नव्हता. स्लॅक त्या चौघांत सर्वात घोटीव, आणि मोझिलाचे कर्मचारी आतल्या कामासाठी ते वापरतही होते. पण ते बंदिस्त, माणशी पैसे मोजायला लावणारं, आणि ज्यांचं ध्येयच मोकळं इंटरनेट त्यांनी आपल्या समुदायाचं बोलणं दुसऱ्याच्या कुलपात ठेवावं का, हा प्रश्न उरतोच. मॅटरमोस्ट आणि रॉकेटचॅट ओपन सोर्स, पण त्या वेळी दोन्हींची रचना एका संस्थेच्या एका सर्व्हरभोवतीची. बाहेरच्याला यायचं तर तिथे नवं खातं काढायचं.

मॅट्रिक्सची कल्पना वेगळी. २०१४मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात प्रत्येक संस्था आपला सर्व्हर चालवू शकते आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात. खोलीत ज्या ज्या सर्व्हरची माणसं आहेत त्या प्रत्येक सर्व्हरवर त्या खोलीच्या इतिहासाची प्रत राहते, त्यामुळे खोलीचा एकच एक मालक नसतो. रात्री लॅपटॉप बंद करून झोपलेल्या विद्यार्थ्याला सकाळी सगळं जिथल्या तिथे मिळतं, आणि एका संदेशाला सुमारे ६५ हजार बाइटची जागा असल्याने मराठीतला लांब परिच्छेदही अखंड जातो. जून २०१९मध्ये मॅट्रिक्सची १.० आवृत्ती आली, प्रकल्पाच्या देखरेखीसाठी वेगळं प्रतिष्ठान उभं राहिलं. फ्रेंच सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याच पायावर चॅट उभारत होतं. दुसरीकडे, मोझिलाची घोषणा झाली त्याच एप्रिल महिन्यात मॅट्रिक्सच्या मुख्य सर्व्हरमध्ये घुसखोर शिरले होते आणि सगळी यंत्रणा खाली घेऊन नव्याने उभारावी लागली होती. म्हणजे निवड डोळे उघडे ठेवूनच करावी लागली.

उत्पादन निवडू, प्रोटोकॉल नाही, असं म्हणून निघालेल्यांनी शेवटी प्रोटोकॉल म्हणून ओळखली जाणारी गोष्टच निवडली, पण ती उत्पादनाच्या कसोट्या लावून. स्क्रीन रीडरच्या बाबतीत रायट आधी कमी पडत होतं. मोझिलासारखा मोठा वापरकर्ता अट धरून बसल्यामुळे त्यावर काम झालं, आणि त्याचा फायदा मोझिलाचं नावही न ऐकलेल्या लोकांना झाला. ओपन सोर्सच्या जगात मोठी संस्था ग्राहक म्हणून आली की काय घडवू शकते, याचं हे मला सर्वात भावलेलं उदाहरण आहे. सर्व्हर मोझिलाने स्वतः न चालवता रायट बनवणाऱ्या कंपनीच्या सेवेकडे दिला. मोझिलाचे अभियंते ब्राउझर बनवण्यासाठी आहेत, चॅट सर्व्हरची निगा राखण्यासाठी नाहीत. तेव्हा हेही योग्यच.

स्थलांतराची किंमत

२०२०च्या सुरुवातीला नवी जागा उघडली आणि मार्चच्या सुरुवातीला आयआरसी सर्व्हर बंद झाला. मधले काही आठवडे दोन्ही चालू होते. जुन्या आणि नव्या जागेत पूल बांधून (एकीकडचे संदेश आपोआप दुसरीकडे पोचवून) दोन्ही कायम ठेवा, अशी मागणी अशा वेळी नेहमी होते. मोझिलाने ती वाट धरली नाही, आणि मला वाटतं यातच त्यांचा सर्वात धीट निर्णय होता. पूल ठेवला असता तर लॉगिनशिवाय येण्याची जुनी फट तशीच राहिली असती. पुलांचं पुढे काय होतं तेही नंतर दिसलं. मॅट्रिक्स आणि लिबेरा या आयआरसी नेटवर्कमधला सार्वजनिक पूल कुरकुरत चालत राहिला आणि ऑगस्ट २०२३मध्ये बंद करावा लागला. त्यावर विसंबलेल्या खोल्यांचे एका रात्रीत दोन तुकडे झाले.

बॉटांचं, म्हणजे चॅनेलमध्ये बसून आपोआप कामं करणाऱ्या प्रोग्रॅमांचं, नुकसान खरं होतं. आयआरसीवर फायरबॉट नावाचा बॉट असायचा. कुणी बगचा क्रमांक लिहिला की तो लगेच त्या बगचं शीर्षक चॅनेलमध्ये टाकायचा. गोष्ट छोटी, पण दिवसभर बगच्या क्रमांकांत बोलणाऱ्या माणसांना तिची सवय झालेली असते. असे बॉट कुणा एका स्वयंसेवकाने कधीतरी लिहिलेले असतात, त्यांची कुठे यादी नसते, आणि जागा बदलली की ते गप्प होतात. कुठल्याही समुदायाने स्थलांतराआधी सर्वात पहिली यादी करावी ती बॉटांची, असं मी ठामपणे सांगेन. माणसं चिडून का होईना, नव्या जागी येतात; बॉट कुणीतरी आणल्याशिवाय येत नाहीत.

सर्वात मोठी गळती झाली ती पाहुण्यांची. मोझिलाच्या आयआरसीवर मोझिलाबाहेरचेही प्रकल्प नांदत होते आणि त्यांत सर्वात महत्त्वाचा होता रस्ट. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची मुख्य चॅनेलं त्याच सर्व्हरवर होती. २६ एप्रिल २०१९ रोजी रस्टच्या चमूने सांगितलं की नवीन आयआरसी चॅनेल आम्ही अधिकृतपणे चालवणार नाही. त्यांचे संघ तोवर डिस्कॉर्ड आणि झुलिप या गप्पांच्या साधनांवर विखुरले होते. मोझिलाला पर्याय निवडायला आठ महिने लागणार होते. रस्टला तितकं थांबणं शक्य नव्हतं. पुढे रस्टच्या संघांचं काम मुख्यतः झुलिपवर एकवटलं. झुलिपमध्ये संदेश विषयांनुसार लावलेले असतात, त्यामुळे चार दिवसांनी आलेला माणूसही नेमकी तीच चर्चा उचलू शकतो. वेगवेगळ्या खंडांत विखुरलेल्या, तांत्रिक बाबींवर संथपणे खल करणाऱ्या गटासाठी ही रचना मला मॅट्रिक्सपेक्षाही सोयीची वाटते. पण एका छताखाली असलेल्या दोन समुदायांची रोजची जा-ये तुटली. रस्ट मोझिलातच जन्मलं होतं; फायरफॉक्सवर काम करणारा माणूस सहज शेजारच्या चॅनेलमध्ये जाऊन रस्टचं विचारत असे. तो शेजार संपला. घर बदलण्याचा निर्णय घेताना भाडेकरूंना पुढची जागा दाखवण्याइतका अवधी मोझिलाने द्यायला हवा होता, असं माझं मत आहे.

स्थलांतरानंतर काही आठवड्यांतच महामारीमुळे जगभरची कार्यालयं बंद झाली आणि ऑगस्ट २०२०मध्ये मोझिलाने सुमारे २५० कर्मचारी कमी केले. अशा वेळी सार्वजनिक खोल्यांचं मोल कळतं. कंपनीच्या स्लॅकचं दार नोकरीबरोबर बंद होतं. मॅट्रिक्सवरच्या सार्वजनिक खोल्यांत मात्र स्वतःच्या ईमेलने आलेला माणूस नोकरी गेली तरी तिथलाच राहतो: त्याचे संदेश, त्याची ओळख, त्याला प्रश्न विचारणारे लोक.

मॅट्रिक्सने सगळं सोडवलं का

नाही. मे २०२०मध्ये रायटमध्ये खासगी संभाषणं आपोआप कूटबद्ध (फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतील अशी) होऊ लागली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याचं नाव एलिमेंट झालं. कूटबद्धता हवीच, पण तिच्यासोबत ‘हे सत्र पडताळून पाहा’ अशा सूचना आल्या. फक्त एक प्रश्न विचारायला आलेला नवखा माणूस त्या पाहून दचकतो. किल्ली, सत्र, पडताळणी हे शब्द ज्याला कुणी समजावलेले नाहीत, तो बाउन्सर न कळणाऱ्या कालच्या विद्यार्थ्याच्याच जागी उभा आहे.

त्रास देणारेही संपले नाहीत. मोझिलाच्या खोल्यांत इतर सर्व्हरवरूनही येता येतं, आणि ज्या दारातून मित्र येतात त्याच दारातून स्पॅमवालाही येतो. फरक हा, की आता मॉडरेटरांच्या हातात काहीतरी आहे: आख्ख्या सर्व्हरला खोलीबाहेर ठेवता येतं, म्योल्निर नावाच्या बॉटने अनेक खोल्यांत एकाच वेळी बंदी घालता येते, नको तो संदेश नंतरही काढता येतो. आयआरसीवर पाठवलेली ओळ परत घेणं अशक्यच होतं.

भारतातून पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. २०२३मध्ये केंद्र सरकारने चौदा संदेश ॲपवर बंदी घातली, त्यांत एलिमेंटचं नाव होतं. दहशतवाद्यांनी ही ॲप वापरल्याचं कारण देण्यात आलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी या निर्णयाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. मोकळ्या प्रोटोकॉलचा फायदा इथे स्पष्ट दिसतो: एक ॲप अडलं तरी त्याच खात्याने, त्याच खोल्यांत, दुसऱ्या क्लायंटमधून जाता येतं. पण सरकारच्या यादीत नाव असलेल्या साधनावर उभ्या प्रकल्पात येण्याआधी कॉलेजातली मुलगी दोनदा विचार करेल, आणि तिला ‘यात काही गैर नाही’ हे समजावून सांगण्याचं काम स्थानिक स्वयंसेवकांवर पडतं.

घाईत केलेलं स्थलांतर कसं असतं ते पाहायचं तर फ्रीनोडकडे पाहावं. मे २०२१मध्ये मालकीच्या वादातून तिथले स्वयंसेवक बाहेर पडले आणि १९ मे रोजी त्यांनी लिबेरा सुरू केलं. आठवडाभरात फ्रीनोडने शेकडो चॅनेलं ताब्यात घेतली, कारण त्यांच्या माहितीच्या ओळीत लिबेराचं नाव होतं. कित्येक प्रकल्पांना अटी लिहायला, चाचणी घ्यायला, बॉट मोजायला आठ महिने सोडाच, आठ दिवसही मिळाले नाहीत. बहुतेकांनी जसंच्या तसं आयआरसी पुन्हा उभारलं, कारण घाईत दुसरं काही करताच येत नव्हतं. जून २०२५मध्ये क्युबरनेटिस या ओपन सोर्स प्रकल्पाच्या समुदायाला कळवण्यात आलं की त्यांचं स्लॅक काही दिवसांत मोफत दर्जावर आणलं जाणार, म्हणजे जुना इतिहास दिसेनासा होणार. नंतर स्लॅकने तो निर्णय मागे घेतला, पण मधल्या काळात स्वयंसेवकांची इतिहास वाचवण्याची धावपळ झालीच.

मोझिलाने सर्व्हरचं काम सोपवलेल्या कंपनीने २०२३च्या अखेरीस मॅट्रिक्सच्या मुख्य सर्व्हर सॉफ्टवेअरचा परवाना बदलून एजीपीएल (सुधारलेला कोड नेटवर्कवरून सेवा म्हणून चालवला तरी खुला करायला लावणारा परवाना) केला, आणि २०२५मध्ये मॅट्रिक्स प्रतिष्ठानाने पैशांच्या तुटवड्यामुळे काही पूल बंद करावे लागतील असा उघड इशारा दिला. शेकडो प्रकल्पांचं रोजचं बोलणं ज्या पायावर चालतं त्याची निगा राखणारी माणसं मोजकी आहेत आणि त्यांचा पगार अनिश्चित आहे. मोझिलाने २०१९मध्ये लिहिलेल्या अटींत ‘टिकेल असं’ ही अट होती. ती पूर्ण होत राहायची तर हे साधन वापरणाऱ्या संस्थांनी दरवर्षी आपल्या अंदाजपत्रकात त्याच्यासाठी एक ओळ घालावी लागेल. भारतातल्या ज्या कंपन्यांचे अभियंते या खोल्यांत रोज प्रश्न विचारतात आणि उत्तरं घेऊन जातात, त्यांनीही ती घातली पाहिजे.